थ्री फेजवरची पाणबुडी

पिंपळनेरहून समुद्र सरळ रेषेत दीडशेक किलोमीटर. पण सरळ रेषेत जायला आपण काही कावळे नाही. नदीने जायचं म्हटलं तर पांझरा आमच्या शेजारच्या डोंगरात उगम पावते, लाटीपाड्याच्या धरणात थोडी विसावते, गावावरून धुळ्याकडे जाते आणि पुढे मुडावदला तापीत मिसळते. तापी उकाईच्या धरणात अडते, तिथून सुटली की सुरतेखाली समुद्राला मिळते. म्हणजे कागदावर पिंपळनेरला रीतसर जलमार्ग आहे. उन्हाळ्यात या जलमार्गावरून शेळ्या जातात.

अशा गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायची, नवी भरायची, वार्निश लावायचं. आणि रात्री शटर पाडलं की पाणबुडीची वाट बघायची.

पाणबुडी खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. येऊ घातलेला एक गेम आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की तारीख पुढे जाते असा अनुभव आहे. एवढंच सांगतो, की दुसऱ्या महायुद्धातली जर्मन यू-बोट आहे, अटलांटिक महासागर आहे आणि खेळणाऱ्याने कॅप्टन व्हायचं आहे. मी केव्हाच झालोय. बोट तेवढी यायची बाकी आहे.

गेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धाडधाड गोळ्या येतात. पाणबुडीच्या सिम्युलेटरमध्ये तसलं काही होत नाही. खरं सांगायचं तर बराच वेळ काहीच होत नाही. फ्रान्सच्या लोरियाँ बंदरातून निघायचं आणि पाणी बघत राहायचं. ढग येतात, ढग जातात. रेडिओवर एखादा संदेश येतो, तोही दुसऱ्याच कुणासाठी असतो. काळ पळवायची सोय असते म्हणा. २००५ साली आलेल्या ‘सायलेंट हंटर ३’मध्ये काळ १०२४ पट वेगाने पळवता येतो. पण मी ती सोय जपून वापरतो. पाण्याची वाट बघण्यात आमच्या पिढ्या गेल्या आहेत. पांझरेवरची फड बागायत शेकडो वर्षांची. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाटकरी सोडेल तेव्हा आपल्या फडाला पाणी. पाटकऱ्याला कुणी १०२४ पट पळवलेलं ऐकिवात नाही.

मग केव्हातरी क्षितिजावर धुराचा एक बारीक डाग दिसतो आणि इथून पुढे गणित सुरू होतं. जहाज कोणतं ते ओळखपुस्तकात बघायचं. त्याच्या डोलकाठीची उंची किती, ती काचेत किती दिसतेय, त्यावरून अंतर. त्याचं नाक आपल्यापासून किती अंशांत वळलंय ते नुसत्या नजरेने ठरवायचं. राहिला वेग. तो काढायची रीत फार सुंदर आहे. आपली बोट जवळजवळ थांबवायची. पेरिस्कोपच्या काचेवर एक उभी रेघ असते. जहाजाचं पुढचं टोक त्या रेघेला लागलं की घड्याळ चालू, मागचं टोक रेघेवरून गेलं की बंद. लांबी भागिले वेळ. १३४ मीटरचं जहाज २६ सेकंदांत गेलं की समजायचं, वेग १० नॉट. एवढी सगळी माहिती यंत्रात भरायची आणि जहाज आत्ता जिथे आहे तिथे नाही, तर थोड्या वेळाने जिथे असेल तिथे टॉर्पेडो सोडायचा.

ही रीत हातात बसावी म्हणून मी दुकानात बसून सराव करतो. समोर विजेचा खांब आहे, ती माझी रेघ. एस. टी. साधारण ११ मीटर लांब. तिला खांबावरून जायला एक सेकंद लागला तर ताशी ४० किलोमीटर, स्पीडब्रेकरजवळ चार सेकंद लागले तर ताशी १०. सटाण्याची बस कमालीची नियमित आहे, तिच्यावर माझा टॉर्पेडो कधी चुकणार नाही. कांद्याच्या ट्रॅक्टरचं मात्र काही खरं नाही. एक तर त्याला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, तेव्हा लांबी नेमकी किती धरायची हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे सगळं गणित जुळत आलं, की तो हात न दाखवता, इंडिकेटर न देता उजवीकडे पेट्रोलपंपात वळतो. अटलांटिकमधली मालवाहू जहाजं पाणबुडीला चकवण्यासाठी मुद्दाम अशी वेडीवाकडी जायची. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागलेलं नाही.

“काय मोजताय एवढं?” मंडळींनी एकदा विचारलं.

“बसचा वेग.”

“तुम्हाला काय करायचंय तिच्या वेगाचं?”

याला उत्तर होतं, पण ते एस. टी.तल्या प्रवाशांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

दुसरं साधन म्हणजे कान. पाण्याखाली गेल्यावर दिसत काही नाही, सगळा कारभार आवाजावर. यू-बोटीत हायड्रोफोनवाला एका लहानशा कोनाड्यात कानाला यंत्र लावून बसायचा आणि चाक फिरवत सांगायचा: डावीकडे व्यापारी जहाज आहे, पंखा सावकाश फिरतोय, मागे युद्धनौका, जोरात येतेय. या एका कामात मी जन्मजात तयार आहे असं मला वाटतं. मोटारीचा धंदा कानावरच चालतो. एक फेज गेली की मोटार कण्हते. बुश झिजला की खडखडते. बोअरमधून रेती येत असेल तर आत कुणीतरी दात खातंय असा आवाज येतो.

एका रात्री मी उत्तर अटलांटिकमध्ये खोल पाण्यात होतो. वर इंग्रजांची डिस्ट्रॉयर घिरट्या घालत होती. बोटीत अशा वेळी सगळं बंद करायचं असतं: पंप बंद, दुरुस्ती बंद, बोलणं कुजबुजत. मी खोलीतला पंखाही बंद केला. मंडळी उठून बसल्या.

“पंखा का बंद केला?”

“वर डिस्ट्रॉयर आहे,” मी हळूच म्हणालो.

“वर माळ्यावर उंदीर आहेत. आधी ते बघा.”

तेवढ्यात फोन वाजला. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आलटून-पालटून असते, आणि त्या आठवड्यात ती रात्रीची होती. पलीकडे एक गिऱ्हाईक होतं, त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

“भाऊ, मोटार चालू शे, पन पानी येत नही.”

मी म्हटलं, “आप्पा, फोन बोअरच्या पाइपाला लावा.”

त्यांनी लावला. मी हेडफोन काढून फोन कानाला धरला. खालून, चारशे फुटांवरून आवाज आला. कण्हणं नव्हतं, खडखड नव्हती. मोटार अगदी हलकी, ओझं उतरवलेल्या बैलासारखी फिरत होती. अँपिअर विचारले तर नेहमीच्या निम्म्याने. म्हटलं, “आप्पा, कपलिंग तुटलंय. मोटार फिरतेय, पंप जागेवरच. बंद करा, सकाळी काढू.” आप्पा झोपायला गेले. मी परत फिरलो तोवर माझी बोट तळाला गेली होती. पॉज करायचा नाही हा माझा नियम आहे. अटलांटिकमध्ये पॉज नव्हता.

तर येणाऱ्या गेमकडून माझी पहिली अपेक्षा ही, की आवाज नीट द्या. चित्रं कमी-जास्त चालतील. पाणी चकचकीत दाखवण्यात सगळी ताकद घालवू नका. पाण्याखाली गेल्यावर ते दिसतच नाही. पण प्रत्येक जहाजाचा पंखा वेगळा वाजला पाहिजे. डोळे मिटून ओळखता आलं पाहिजे, की हे तेलवाहू आहे आणि याचं एक बेअरिंग गेलेलं आहे.

दुसरी अपेक्षा ऐकून माझ्या भाच्याने हात टेकले. गेममध्ये टॉर्पेडो फुसके निघाले पाहिजेत, अशी माझी मागणी आहे. इतिहास तसाच आहे. अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो युद्धाच्या सुरुवातीला ठरवलेल्या खोलीपेक्षा दहा-अकरा फूट खालून जायचा, म्हणजे जहाजाच्या पोटाखालून निघून जायचा. जो नेमका लागायचा, त्याची फुटायची पिन वाकायची. कॅप्टन तक्रारी करून थकले आणि वरचे साहेब त्यांनाच सांगत राहिले, की तुमचा नेम चुकतोय. शेवटी १९४२ साली ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं पाण्यात सोडलं, त्यावर टॉर्पेडो मारले आणि भोकं किती खोल पडली ते मोजून दाखवलं. सगळे दोष निघायला १९४३ उजाडलं. जाळ्याची ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. नव्या मोटारीची तक्रार केली की “तुमच्याकडे व्होल्टेज कमी असणार” हे ज्याने ऐकलंय, त्याला लॉकवूड साहेब एकदम घरचे वाटतात.

भाचा म्हणतो, “मामा, दिवसभर तुमच्या मोटारी जळतात, लाइट जाते, उधारी बुडते. रात्री तरी काहीतरी नीट चालणारं खेळा ना.” त्याला कसं समजवायचं? नीट चालणारी वस्तू खेळण्यात मजा कसली? ती तर आपोआपच चालते, मग माझी गरज काय?

बॅटरीचंही तसंच. त्या काळची पाणबुडी म्हणजे पाण्याखाली चालणारा इन्व्हर्टर. पाण्यावर असताना डिझेल इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, खाली गेलं की त्यावर हळूहळू सरकायचं. जोरात पळालात तर तासाभरात बॅटरी खलास, बेताने चाललात तर दिवस निघतो. आमच्या गावात हे लहान पोरालाही कळतं, कारण लाइट गेल्यावर टीव्ही आणि पंखा दोन्ही चालवले तर काय होतं ते त्याने पाहिलेलं आहे. म्हणून गेममध्ये बॅटरी कायम भरलेली दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यांच्याकडे लाइट जात नसावी.

आप्पांना हे सगळं एकदा दुकानात बसून समजावून सांगितलं. कपलिंग बदलून होईपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं. बाकी सगळं त्यांनी डोळे बारीक करून ऐकून घेतलं. मग मी सांगितलं, की बोट किती खाली जाते: टाइप सात जातीची यू-बोट २३० मीटर, म्हणजे साडेसातशे फूट.

आप्पा सरसावून बसले. त्यांचा बोअर चारशेचा.

“साडेसातशे फूट?” ते म्हणाले. “मंग पानी लागनं का?”

आता काळजीकडे वळतो, कारण रसिकाचा खरा वेळ तिच्यातच जातो.

पहिली काळजी म्हणजे गेम सोपा करून टाकतील. हे होतं. आधी म्हणतात, अगदी खरा अनुभव. मग कुणीतरी हिशोब घालतं, की खऱ्या अनुभवाला गिऱ्हाईक कमी आहे. मग जहाजावर लाल बाण येतो. अंतर आपोआप दिसायला लागतं. टॉर्पेडो कुठे सोडायचा ते हिरव्या रंगात दाखवतात. पुढे कॅप्टनच्या हातात पिस्तूल देतात आणि तो डेकवर उभा राहून विमान पाडतो. नुकताच आलेला दोन मिनिटांचा ट्रेलर मी बारकाईने पाहिला. बोट सूर मारते तेव्हा टेबलावरच्या कपातली कॉफी जागची हलत नाही. कपही सरकत नाही. बोट तिरकी, कॉफी कपात जशीच्या तशी! ज्यांना कॉफी सांभाळता येत नाही, ते बॅटरीतला आम्लाचा वास काय सांभाळणार?

दुसरी काळजी इंटरनेटची. २०१० साली ‘सायलेंट हंटर ५’ आला, तो एकटं खेळायलाही सतत इंटरनेट मागायचा. बाजारात आल्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरून बसलेले जगभरचे कॅप्टन बंदरातच अडकले. पाणबुडीचा सगळा अर्थ असा, की ती एकदा खाली गेली की जगाशी संपर्क तुटतो. तिलाच दर मिनिटाला संपर्कात राहायला लावणं हे ज्याला सुचलं, त्याला माझा दुरून नमस्कार. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी या वाटेवर फारसं पाऊल टाकलं नाही. राहिली ती लहान-लहान मंडळी. पोलंडमधल्या एका छोट्या कंपनीने ‘यूबोट’ नावाचा गेम २०१९च्या एप्रिलमध्ये अर्धवट अवस्थेत विकायला काढला आणि लोकांच्या सूचना ऐकत-ऐकत २०२४च्या ऑगस्टमध्ये पुरा केला. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. घराला छप्पर नाही, पण वास्तुशांत करून घ्या, असा मामला असतो.

पाच वर्षं म्हटल्यावर भाचा हसला. मी त्याला म्हटलं, मुंबईला जा आणि माझगाव डॉकला विचार. तिथे सहा स्कॉर्पिन पाणबुड्या बांधायचा करार २००५च्या ऑक्टोबरात झाला. म्हणजे ‘सायलेंट हंटर ३’ आला त्याच वर्षी. पहिली बोट २०१२ला मिळायची होती. आयएनएस कलवरी नौदलात दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ला. तीसुद्धा कशी, तर तिच्यासाठी ठरवलेल्या इटालियन टॉर्पेडोंचा सौदा मध्येच रद्द झालेला, त्यामुळे नौदलाकडचे आधीचे जर्मन टॉर्पेडो घेऊन. आता याला अर्ली ॲक्सेस नाही तर काय म्हणायचं? सहावी वागशीर आली १५ जानेवारी २०२५ला. खऱ्या पोलादाची, खऱ्या माणसांची बोट इतकी वाट बघायला लावते, आणि ती आल्यावर आपण टाळ्या वाजवतोच की. कोकणात तर पर्यटकांना पाणबुडीतून समुद्र दाखवायची घोषणा २०१८ सालची. आता निवती रॉकजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त नौका पाण्याखाली ठेवून ती पाणबुडीतून दाखवायची योजना आहे. सिंधुदुर्गातल्या माणसांनाही माझ्यासारखीच तारखा ऐकायची सवय झाली असणार. त्यांना समुद्र तरी आहे.

माझगावच्या त्या सहांपैकी दुसरीचं नाव खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी समुद्रातून वेढा घातला, आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या काळोखात, उथळ पाण्यातून, मोठ्या जहाजांच्या नाकाखालून रसद पोहोचवत राहिल्या. पाणबुडी नव्हती, पण डोकं पाणबुडीचंच होतं. यावर कुणी गेम काढला तर मी यू-बोट सोडून त्या होडीत बसेन. पण खांदेरीवर गेम करायला पोलंडचा माणूस येणार नाही, आणि आपली माणसं क्रिकेटमधून मोकळी होत नाहीत. २००५च्याच ‘डेंजरस वॉटर्स’मध्ये रशियन किलो वर्गाची पाणबुडी चालवता यायची, आपल्या नौदलाच्या सिंधुघोष वर्गातल्या बोटी त्याच घराण्यातल्या. तेव्हा मी तिला मनातल्या मनात सिंधुघोष म्हणून मुंबईला नेऊन लावायचो. घरी अभिमानाने सांगितलं, की आज किलो चालवली. आई म्हणाली, कशाची?

तिसरी काळजी पैशाची. गेमला जे मशीन लागणार त्याची यादी वाचली आणि उत्साह जरा खाली बसला. ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत एक बरी सेकंडहॅंड मोटारसायकल येते. ते पैसे कुठून येतात? माझी निम्मी कमाई उधारीत असते. उधारी कांदेवाल्यांकडे असते. कांदेवाले पैसे देतात लिलाव झाल्यावर. म्हणजे पिंपळनेरच्या मार्केटात सकाळी काय भाव निघतो, त्यावर माझी पाणबुडी तरंगते. २०२३च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिली. जर्मनांनी इंग्लंडची नाकेबंदी करायला शेकडो पाणबुड्या समुद्रात घातल्या आणि तरी त्यांना ती जमली नाही. इथे एका कागदावर जमली. त्या काळात भाऊ-आप्पा-नाना सगळे दुकानासमोरून मान खाली घालून जायचे आणि मीही खांबाकडे बघत वेग मोजल्याचं सोंग करायचो.

आणखी एक काळजी आहे. ती मी भाच्याला सांगितलेली नाही.

१९४२च्या ऑक्टोबरात ‘सिटी ऑफ कैरो’ नावाचं जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. आत सुमारे शंभर टन चांदी होती, बहुतेक आपले चांदीचे रुपये, पेट्यांमध्ये भरलेले. वर बायका-मुलं धरून प्रवासी, आणि खाली बॉयलरपाशी, डेकवर, भटारखान्यात हिंदी खलाशी. इंग्रज त्यांना लास्कर म्हणत. त्यांच्या जहाजांवर असे हजारो खलाशी असत. त्यात रत्नागिरीकडचे, गोव्याचेही पुष्कळ. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये, सेंट हेलेना बेटापासून खूप दूर, यू-६८ या बोटीने त्यावर टॉर्पेडो मारला. माणसं लाइफबोटीत उतरल्यावर जर्मन कॅप्टन वर आला, त्याने जहाजाचं नाव विचारलं, किनारा कुठल्या दिशेला ते सांगितलं आणि शुभरात्री म्हणून, जहाज बुडवल्याबद्दल माफी मागून निघून गेला. ३११ जणांपैकी १०४ गेले. काही बोटी कित्येक आठवडे समुद्रात भरकटत राहिल्या. चांदी मात्र पाच किलोमीटर खोलीवरून आताआता वर काढली, ती बातमी २०१५ला आली.

हे वाचल्यापासून गेममध्ये जहाज दिसलं की नुसतं टनेज दिसत नाही. ७,००० टन, ८,००० टन असे आकडे वर येतात, बुडालं की वहीत भर पडते, मेडल मिळतं. आणि मला वाटतं, खाली बॉयलरपाशी कुणी रत्नागिरीचा माणूस असेल, आपल्याच भाषेत शिव्या देत कोळसा टाकत असेल. यू-बोटीतही मजेत कुणी नव्हतं. सुमारे ४० हजार जर्मन त्या बोटींवर गेले आणि त्यांतले तीन चतुर्थांश परतले नाहीत. म्हणून गेम करणाऱ्यांना मी भाच्याकडून इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं, त्यात आवाज, फुसके टॉर्पेडो आणि कॉफीनंतर शेवटचा मुद्दा घातला: जहाज बुडाल्यावर लाइफबोटी दाखवा. त्यांच्याजवळ जाऊन थांबता आलं पाहिजे. त्यांना किनाऱ्याची दिशा सांगता आली पाहिजे. त्याचे गुण मिळाले नाहीत तरी चालतील.

त्यांचं उत्तर आलं, की आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत. कॉफीबद्दल चकार शब्द नाही.

आणि त्याच आठवड्यात तारीख पुढे गेली. आता कोणती, तेही सांगत नाही. एवढंच, की ती रब्बीच्या ऐन हंगामात पडतेय, जेव्हा बोअर आटायला लागतात आणि मोटारी रोज जळतात. त्या महिन्यात दुकान बंद ठेवणं म्हणजे वर्षाच्या कमाईवर टॉर्पेडो. भाच्याला म्हटलं, पहिले पंधरा दिवस तू गल्ल्यावर बस. तो म्हणाला, मामा, त्याच दिवसांत माझी परीक्षा आहे. मंडळी म्हणाल्या, मी बसते गल्ल्यावर, पण मग उधारी बंद. हा तोडगा मी विचारात घेतलाय, कारण त्यातून ग्राफिक्स कार्डही येईल.

परवा आप्पा मोटार न्यायला आले. मी ट्रेलर लावूनच बसलो होतो. बोट वर येत होती, बाजूंनी पाण्याचे लोट उसळत होते. आप्पा उभ्यानेच बघू लागले.

“ही ती का? कव्हय यी रे तुन्ही बोट?”

“पुढे गेली, आप्पा. येईल.”

“आनि हाई इतलं पानी कसानं?”

मी समजावलं, की खाली जायचं असलं की बोट टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेते आणि वर यायचं असलं की हवेच्या दाबाने ते बाहेर फेकते. बोटीचं वजन पाण्यावर ७६९ टन, पाण्याखाली ८७१. फरक १०२ टन. म्हणजे एका खेपेला लाखभर लिटर.

आप्पांनी मनात हिशोब केला. त्यांच्या शेततळ्याशी लावला असावा.

“लाख लिटर. भरी लेस, मंग सोडी देस?”

“हो.”

“वावरमा एकबी थेंब नही?”

“नाही.”

“आनि मोटार केवढी?”

“दोन डिझेल इंजिनं. मिळून अठ्ठावीसशे हॉर्सपॉवरच्या वर.”

आप्पांची स्वतःची साडेसातची. ती खांद्यावर घेता-घेता ते थांबले. इतक्या मोठ्या मोटारीची इतकी नासाडी त्यांना सहन होईना. दर खेपेला लाख लिटर, तेही परत नदीत सोडून.

“नदी नाही आप्पा, समुद्र. खारं पाणी आहे.”

“खारं शे?” आप्पांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मंग ऱ्हाऊ दे.”